जॉन अ‍ॅडम्सच्या घराण्याची वंशावळ कागदपत्रांवरून कशी लावावी

मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावात हॅनकॉक दफनभूमी आहे. तिथे हेन्री अ‍ॅडम्सच्या नावाचा एक स्मारक-दगड आहे. हेन्री १६४६ साली वारला. दगड उभारला तो त्याचा खापरपणतू जॉन अ‍ॅडम्स याने, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी. जॉन वकील होता, देशाचा दुसरा राष्ट्राध्यक्ष होता आणि पुरावा कशाला म्हणतात हे त्याला चांगले ठाऊक होते. तरीही हेन्री छळाला कंटाळून इंग्लंडातल्या डेव्हनशरमधून आठ मुलांसह आला, असे त्याने दगडावर कोरून घेतले. आठ मुलगे बरोबर आहेत. डेव्हनशर चूक आहे. हेन्री सॉमरसेटमधल्या बार्टन सेंट डेव्हिडचा होता, हे १९२७ मध्ये छापल्या गेलेल्या संशोधनाने दाखवून दिले.

नवशिक्याने हाच वंश सरावाला घ्यावा. कागद भरपूर आहेत, बरेचसे घरबसल्या फुकट पाहता येतात, आणि सुरुवातीच्या अमेरिकन वंशशोधनात जितके म्हणून खड्डे आहेत ते जवळजवळ सगळे या एका घराण्यात भेटतात.

आधी प्रश्न ठरवा

‘अ‍ॅडम्स घराण्याची वंशावळ’ हा प्रश्न नव्हे. जॉनपासून वर हेन्रीपर्यंत जायचे, की हेन्रीपासून खाली सगळ्या शाखांत उतरायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. वर जाताना दर पिढीला माणसे दुप्पट होतात: आईवडील २, आजीआजोबा ४, मग ८, मग १६. खाली उतरताना असा कुठलाच हिशेब बसत नाही. हेन्रीला आठ मुलगे आणि अर्सुला नावाची एक मुलगी. त्यांचे वंशज मोजायला घेतले तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून आधी वरची वाट धरा.

वरच्या वाटेला क्रमांक देण्याची जुनी रीत फार सोपी आहे. ज्याच्यापासून सुरुवात तो १. कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, दुपटीत एक मिळवला की आई. जॉन १, वडील डीकन (म्हणजे चर्चचा पदाधिकारी) जॉन अ‍ॅडम्स २, आई सुझॅना बॉयल्स्टन ३, आजोबा जोसेफ अ‍ॅडम्स (धाकटा) ४, आजी हॅना बास ५, आईचे वडील पीटर बॉयल्स्टन ६, आईची आई अ‍ॅन व्हाइट ७, जोसेफ अ‍ॅडम्स (थोरला) ८, त्याची बायको अ‍ॅबिगेल बॅक्स्टर ९, हॅनाचे वडील जॉन बास १०, आई रूथ ऑल्डन ११. हेन्री १६, त्याची बायको ईडिथ स्क्वायर १७. रूथचे आईवडील जॉन ऑल्डन आणि प्रिसिला मलिन्स हे २२ आणि २३. ही दोघे १६२० च्या ‘मेफ्लॉवर’ या, सुरुवातीच्या इंग्रज वसाहतवाल्यांना घेऊन आलेल्या जहाजावरची. ज्या क्रमांकापुढे नाव नाही तिथे आपले काम बाकी आहे, हे यादीकडे नुसते पाहून कळते. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या कुलवृत्तांतांत बायकांचे माहेर गाळलेले असते. या पद्धतीत ते गाळताच येत नाही.

वही

संगणकावरचा प्रोग्रॅम नंतर घ्या. सुरुवातीला साधा तक्ता पुरतो, पण रकाने नीट हवेत: माणसाचा क्रमांक, घटना (जन्म, बाप्तिस्मा, लग्नाची घोषणा, लग्न, मृत्यू, दफन), तारीख जशी लिहिली आहे तशी, तारीख आजच्या पद्धतीने, गावाचे त्या वेळचे नाव आणि काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग), कागद कुठला, खंड, पान, तो मूळ कागद आहे, नक्कल आहे की छापील उतारा, आणि शेवटी माहिती देणारा कोण व त्याला ती कशी ठाऊक होती.

हा शेवटचा रकाना लोक हमखास सोडतात, आणि नंतर तोच नडतो. मृत्यूच्या नोंदीतली मृत्यूची तारीख पक्की असू शकते, पण त्याच कागदावर लिहिलेली आईवडिलांची नावे मयताच्या जावयाने सांगितलेली असू शकतात. एकाच कागदातल्या दोन ओळींचे वजन वेगवेगळे असते.

शोधून सापडले नाही, तेही लिहा: कोणती सूची, कोणती वर्षे, नावाची कोणती रूपे. नाहीतर सहा महिन्यांनी तीच सूची पुन्हा चाळत बसाल.

तारखा

इथे घाई केली की पुढची प्रत्येक पायरी वाकडी पडते. १७५२ पर्यंत इंग्लंड आणि तिच्या वसाहती जुने, म्हणजे ज्युलियन कॅलेंडर वापरत. त्यात कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस ‘आधीच्या’ वर्षात मोडत. जॉन बास आणि रूथ ऑल्डन यांचे लग्न ब्रेनट्रीत ३ फेब्रुवारी १६५७/५८ रोजी झाले. जुन्या हिशेबाने १६५७, आजच्या हिशेबाने १६५८. तिरकी रेघ देऊन दोन्ही वर्षे लिहिण्याची ही पद्धत तशीच ठेवावी. डीकन जॉनचे जन्मवर्ष कुठे १६९१ तर कुठे १६९२ दिसते, त्याचे मूळ यातच आहे.

त्या काळच्या प्युरिटन लेखनिकांना महिन्यांची नावे आवडत नसत, ते आकडे टाकत. पहिला महिना मार्च, बारावा फेब्रुवारी. ‘१२ वा महिना’ वाचून डिसेंबर लिहिला आणि वर्ष नव्या हिशेबाचे धरले की लग्न दहा महिने सरकलेच, आणि मग पहिले मूल लग्नाआधीचे ठरते.

दुसरा भाग दिवसांच्या फरकाचा. सतराव्या शतकातल्या तारखांना १० दिवस आणि मार्च १७०० पासून सप्टेंबर १७५२ पर्यंतच्या तारखांना ११ दिवस मिळवले की नवी तारीख येते. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. जॉनचा जन्म १९ ऑक्टोबर १७३५ जुनी, ३० ऑक्टोबर नवी. त्याच्या बायकोचा, म्हणजे अ‍ॅबिगेलचा ११ नोव्हेंबर १७४४ जुनी, २२ नोव्हेंबर नवी. दुसऱ्याच्या वंशवृक्षातून आयती ‘३० ऑक्टोबर’ उचलून तिच्यात पुन्हा ११ मिळवण्याची चूक नेहमी दिसते. ती टाळायची असेल तर ‘जशी लिहिली तशी’ हा रकाना आधी भरा, हिशेब मग करा.

गाव तेच, काउंटी दुसरी

जॉनचा जन्म ब्रेनट्रीत झाला, मृत्यू क्विन्सीत. पण तो कुठे लांब राहायला गेला नव्हता. १७९२ मध्ये ब्रेनट्रीचा उत्तर भाग तोडून क्विन्सी हे नवे गाव झाले. त्याची जन्माची आणि म्हातारपणाची, दोन्ही घरे याच भागातली. १७९२ पूर्वीच्या नोंदी ब्रेनट्रीच्या दप्तरात, नंतरच्या क्विन्सीच्या.

काउंटीचा घोळ याहून मोठा. १६४३ मध्ये झालेल्या सफक काउंटीत ब्रेनट्री होते. १७९३ मध्ये सफकमधून नॉरफक काउंटी निघाली आणि ब्रेनट्री, क्विन्सी तिच्यात गेली. नॉरफकचे मुख्यालय डेडम. पण जुने कागद गावाबरोबर हलले नाहीत. डीकन जॉन १७६१ मध्ये वारला, तेव्हा त्याचे मृत्युपत्र सफकच्या प्रोबेटमध्येच, म्हणजे मृत्युपत्रे आणि वारसांच्या वाटण्या पाहणाऱ्या कोर्टाच्या दप्तरातच शोधायचे. नॉरफकच्या सूचीत ते मिळणार नाही. म्हणजे ‘मृत्युपत्र नव्हते’ असा निष्कर्ष काढण्याआधी त्या वर्षी गाव कोणत्या काउंटीत होते, ते पाहावे.

आणखी एक फसगत. १६४३ ते १६८० या काळात मॅसॅच्युसेट्समध्ये ‘नॉरफक’ नावाची दुसरीच काउंटी होती, उत्तरेला, सॉल्झबरी आणि हेव्हरिलच्या बाजूला. तिचा ब्रेनट्रीशी काही संबंध नाही. सतराव्या शतकातला कोणी अ‍ॅडम्स ‘नॉरफक’मध्ये सापडला की थांबा. न्यूबरीकडे रॉबर्ट अ‍ॅडम्सचे वेगळे घराणे होते आणि दोन्ही घराण्यांत जॉन, जोसेफ, अब्राहम अशी नावे पोत्याने आहेत.

गावदप्तर

मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यभराची जन्म-मृत्यू नोंदणी १८४१ पासून. त्याआधीचे सगळे त्या त्या गावच्या कारकुनाकडे. ब्रेनट्रीचे १६४० ते १७९३ चे दप्तर १८८६ मध्ये छापले गेले आणि ते डिजिटल स्वरूपात फुकट मिळते. इतरही शेकडो गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी वर्णानुक्रमाने छापल्या आहेत.

छापील पुस्तकाने सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. वर्णानुक्रम लावताना मूळ वहीतली शेजारची माहिती तुटते. मूळ वहीत एखाद्या बापाची सहा मुले एकाच शाईत, एकाच हाताने, एकाखाली एक लिहिलेली दिसली, तर ती नोंद एका बैठकीत, म्हणजे पुष्कळ वर्षांनी, कुटुंबाने सांगितल्यावर केलेली आहे. अशा यादीत पहिल्या मुलांच्या तारखा चुकण्याची शक्यता जास्त. लहानपणीच गेलेली मुले तीत बहुधा नसतातच. छापील पुस्तकातून हे काहीच कळत नाही. मूळ पानांची छायाचित्रे ‘फॅमिलीसर्च’ या फुकट संकेतस्थळावर आहेत. काही पाने मात्र त्यांच्या केंद्रांतून किंवा संलग्न ग्रंथालयांतूनच उघडतात.

बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींच्या चर्चमध्ये आईवडिलांपैकी कोणी सभासद झाल्यावर तीनचार मुलांचा बाप्तिस्मा एकाच रविवारी होई. ती जुळी-तिळी नव्हेत. लग्नाची घोषणा म्हणजे लग्न नव्हे. ती दोघांच्याही गावी लागे, लग्न मात्र बहुतेक वेळा नवरीच्या गावी. जॉन ब्रेनट्रीचा, पण अ‍ॅबिगेल स्मिथशी त्याचे लग्न २५ ऑक्टोबर १७६४ रोजी वेमथमध्ये झाले, कारण तिचे वडील तिथले धर्मोपदेशक होते.

हस्ताक्षराची तयारी आधी करा. सतराव्या शतकातले ‘सेक्रेटरी’ वळण वाचायला दोनतीन आठवडे सराव लागतो. शब्दाच्या मधला लांब ‘एस’ हुबेहूब ‘एफ’सारखा दिसतो. नावाच्या सुरुवातीला दोनदा काढलेला लहान ‘एफ’ म्हणजे एकच मोठा ‘एफ’. एखादे नाव लागत नसेल तर त्याच लेखनिकाचे ओळखीचे शब्द, महिने आणि गावाची नावे, शोधून त्यांतली अक्षरे जुळवून पाहावी.

प्रोबेटची फाइल

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. जन्मनोंद आईवडिलांची नावे सांगते, पण हाच मुलगा पुढे मोठा होऊन तो अमुक माणूस झाला, हे सांगत नाही. ते प्रोबेट सांगते.

नवखा माणूस मृत्युपत्र वाचून फाइल मिटतो. फाइलमध्ये याशिवाय प्रशासक नेमण्याचा अर्ज, जामीनखत, मालमत्तेची यादी, जमाखर्च, वाटणीचा हुकूम, आणि मुले अज्ञान असतील तर पालक नेमल्याचे कागद असतात. काउंटीच्या वहीत उतरवलेली नक्कल वेगळी आणि मूळ सुट्या कागदांची फाइल वेगळी. दोन्ही पाहाव्या, कारण वहीत सगळे कागद उतरवून घेतलेले नसत. सफकच्या फायली ‘फॅमिलीसर्च’वर आणि बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीच्या संकेतस्थळावर पाहता येतात. ही सोसायटी १८४५ पासून चालू आहे. तिथल्या काही सूची नुसत्या नोंदणीवर खुल्या होतात, बाकीच्यांना वर्गणी पडते.

मृत्यूची तारीख सापडत नसेल तर मृत्युपत्र केल्याची तारीख आणि ते कोर्टात सिद्ध झाल्याची तारीख, यांच्या दरम्यान माणूस गेला एवढे पक्के धरता येते. तेवढेच लिहावे.

मृत्युपत्रात एखाद्या मुलाचे नाव नाही म्हणून तो बापाआधी मेला, असे नाही. त्याला त्याचा वाटा आधीच दिलेला असू शकतो. मुलगा शिकून वकील किंवा धर्मोपदेशक झाला त्या घरी हे विशेष घडे, कारण एका मुलाला कॉलेजात घालणे हाच मोठा खर्च होता. डीकन जॉन शेती करी आणि जोडे शिवी. थोरल्या मुलाला, म्हणजे आपल्या जॉनला, त्याने हार्वर्डला पाठवले, आणि वाटणीत ते शिक्षण हिशेबात धरून त्याला धाकट्या भावापेक्षा कमी दिले. अशा ओळीतून कोण शिकला, कोणाकडे शेत राहिले, हे कळते, आणि त्याच नावाच्या दुसऱ्या माणसापासून आपला माणूस वेगळा काढता येतो.

मृत्युपत्र नसेल तर आकडेमोड कामाला येते. वसाहतकाळातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये बिनमृत्युपत्राच्या मालमत्तेत विधवेला तिसरा हिस्सा, आणि उरलेल्यात थोरल्या मुलाला इतरांच्या दुप्पट, असा नियम होता. अठराव्या शतकाच्या शेवटास तो संपला. म्हणजे हुकुमात उरलेल्या मालमत्तेचे सहा भाग केलेले असतील आणि थोरल्याला दोन गेले असतील, तर वारसांच्या शाखा पाच. नावे चारच सापडली तर एक शाखा तुमच्या नजरेतून सुटली आहे. बहुतेक ती लग्न झालेली मुलगी असते आणि कागदात तिच्या नवऱ्याच्या नावामागे दडलेली असते. जमिनीतला विधवेचा तिसरा हिस्सा फक्त तिच्या हयातीपुरता असे. ती गेल्यावर त्याची दुसरी वाटणी होई, कधी वीसतीस वर्षांनी, आणि तोवर मेलेल्या मुलांच्या जागी नातवंडांची नावे येत. ही दुसरी वाटणी फार थोडे लोक शोधतात.

चौदा वर्षांवरचे मूल आपला पालक स्वतः निवडू शके. त्यामुळे पालकत्वाच्या कागदावरून मुलाचे वय चौदाच्या अलीकडे की पलीकडे, हे बांधता येते. जामीन राहिलेली माणसे आणि साक्षीदार यांची नावेही टिपून ठेवा. मेहुणा, साडू, सासरा बहुधा त्यांतच असतो.

मालमत्तेच्या यादीत गुरे, भांडी, अंथरुणे यांच्या ओळीत गुलाम माणसेही किमतीसह लिहिलेली आढळतात. त्या माणसांच्या वंशजांसाठी पुष्कळदा हाच एकमेव कागद उरलेला असतो. अ‍ॅबिगेलचे वडील रेव्हरंड विल्यम स्मिथ यांच्या घरी फीबी नावाची गुलाम स्त्री होती, आणि १७८३ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या मृत्युपत्राने ती मुक्त झाली. घराण्याची नोंद करताना ही नावे वगळू नयेत. त्यांना वहीत स्वतंत्र क्रमांक द्यावा.

खरेदीखते

जमिनीच्या सूची दोन असतात, लिहून देणाऱ्याची आणि लिहून घेणाऱ्याची. दोन्ही पाहाव्या. बाप वारल्यावर पाचदहा वर्षांत सगळी भावंडे मिळून किंवा एकेक करून आपला हिस्सा विकतात. अशा एका खतात चार मुलगे, तीन मुली, तीन जावई आणि त्यांची तेव्हाची गावे एकदम हाती लागतात. बायको खतावर आपला विधवा-हक्क सोडल्याची सही करते, म्हणजे त्या दिवशी ती हयात होती. खत लिहिल्याची तारीख आणि नोंदल्याची तारीख यांत कधीकधी पंचवीसतीस वर्षांचे अंतर असते, तेव्हा सूचीत फक्त माणसाच्या हयातीची वर्षे पाहून थांबू नये. हल्ली ‘फॅमिलीसर्च’वर हस्तलिखितांतला मजकूरच शोधण्याची सोय झाली आहे. सूचीत न आलेले साक्षीदार आणि शेजारी तिने सापडतात. नाव मात्र चारपाच वेगवेगळ्या स्पेलिंगांनी घालून पाहावे.

नावांचे सापळे

या घराण्यात चार पिढ्यांत तीन जॉन, दोन जोसेफ आणि हव्या तितक्या अ‍ॅबिगेल आहेत. राजकारणातला सॅम्युअल अ‍ॅडम्स हा जॉनचा सख्खा चुलतभाऊ नव्हे. त्या दोघांचे आजोबा सख्खे भाऊ, आणि थोरला जोसेफ दोघांचाही पणजोबा.

जॉनची बायको माहेरची अ‍ॅबिगेल स्मिथ, लग्नानंतर अ‍ॅडम्स. तिची मुलगी अ‍ॅबिगेल, घरातली नॅबी, जन्माने अ‍ॅडम्स आणि १७८६ मध्ये विल्यम स्टीव्हन्स स्मिथशी लग्न झाल्यावर स्मिथ. म्हणजे आई स्मिथची अ‍ॅडम्स झाली, मुलगी अ‍ॅडम्सची स्मिथ. संगणकावरच्या वंशवृक्षांत या दोघी एकमेकींत मिसळलेल्या वारंवार दिसतात. शिवाय वेमथचे स्मिथ आणि न्यूयॉर्ककडचा हा जावई स्मिथ, ही घराणी वेगळी. पुढे १७९५ मध्ये नॅबीचा भाऊ चार्ल्स याने याच विल्यमची बहीण सेरा हिच्याशी लग्न केले, म्हणजे साटेलोटे झाले. त्या दोन घरांतली मुले आपसांत दोन्हीकडून भावंडे लागतात.

विधवा पुन्हा लग्न करी आणि आडनाव बदलून कागदातून नाहीशी होई. जॉनची आई सुझॅना १७६१ मध्ये विधवा झाली, १७६६ मध्ये तिने जॉन हॉलशी लग्न केले आणि १७९७ मध्ये ती वारली. १७६६ नंतर तिला ‘सुझॅना अ‍ॅडम्स’ म्हणून शोधाल तर हाती काही लागणार नाही. हेन्रीची विधवा ईडिथही अशीच पुढे जॉन फसेलची बायको म्हणून दिसते.

पुरुषांची दुसरी-तिसरी लग्ने हा याचाच दुसरा भाग. धाकट्या जोसेफची पहिली बायको मेरी चेपिन. ती गेल्यावर त्याने १६८८ मध्ये हॅना बासशी लग्न केले. मुलाची आई कोण, हे ठरवताना प्रत्येक जन्माची तारीख या लग्नांच्या तारखांशेजारी मांडून पाहावी लागते. ती पायरी गाळली तर ‘मेफ्लॉवर’शी असलेला धागा कोणत्या मुलांना लागू होतो, हेच कळणार नाही, कारण तो फक्त हॅनाकडून येतो.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मधले नाव विरळा. ज्याला आहे त्याचे मधले नाव बहुधा आजोळाकडे बोट दाखवते. जॉनचा भाऊ पीटर बॉयल्स्टन अ‍ॅडम्स, याच्या आईचे वडील पीटर बॉयल्स्टन. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सचा जन्म ११ जुलै १७६७ चा. त्याच्या आईचा आजोबा कर्नल जॉन क्विन्सी दोनच दिवसांनी वारला, आणि ते नाव बाळाला मिळाले. मात्र हा दुवा शोधाची दिशा देतो, सिद्धता देत नाही.

त्या काळच्या कागदात ‘ज्युनियर’ म्हणजे मुलगा असे नाही. गावात त्याच नावाचा वयाने मोठा माणूस असला की धाकट्याला ज्युनियर म्हणत, मग तो पुतण्या असो वा परका. थोरला वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर. ‘कझिन’ पुतण्या-भाचीलाही म्हणत, ‘मदर-इन-लॉ’ सावत्र आईलाही. ‘एस्क्वायर’ मात्र उपयोगी: त्या काळी ते वकील, न्यायाधीश अशांनाच लागे, त्यामुळे दोन जॉन अ‍ॅडम्सपैकी कोर्टात उभा राहणारा कोणता, ते ओळखता येते.

पत्रे आणि रोजनिशी

अ‍ॅडम्स कुटुंबाचे कागद मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहेत. जॉन आणि अ‍ॅबिगेल यांची एकमेकांना लिहिलेली अकराशेहून अधिक पत्रे टिकली आहेत, आणि बराच पत्रव्यवहार, रोजनिशी व आत्मचरित्र फुकट वाचता येते. अमेरिकन राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’वरही शोधता येते.

गावदप्तर जे सांगत नाही ते इथे मिळते. जुलै १७७७ मध्ये या दोघांना झालेली मुलगी एलिझाबेथ मृतच जन्मली. जॉन तेव्हा काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकन प्रतिनिधींच्या सभेसाठी, फिलाडेल्फियात होता आणि हे त्याला कळले ते पत्रातून. अशा वेळी घडलेल्या गोष्टी त्याच आठवड्यात लिहिल्या गेल्या आहेत, त्यांना मोठे वजन आहे. पण जॉनच म्हातारपणी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजांविषयी लिहितो, तेव्हा ती ऐकीव गोष्ट असते, आणि ऐकीव गोष्टीतूनच दगडावरचे डेव्हनशर आले. एकाच माणसाची दोन विधाने वेगवेगळ्या तराजूत तोलायची असतात. वकिलीच्या कागदांत आलेल्या पक्षकारांना मात्र नातेवाईक समजू नका, तो धंदा होता.

समुद्रापलीकडे

इंग्लंडात उडी मारण्याची घाई सगळ्यांनाच असते. अमेरिकेतली सगळी मुले, त्यांची अंदाजे जन्मवर्षे, बायकांची नावे आणि शेजारपाजार हाती आल्याशिवाय ती मारू नये. ‘हेन्री अ‍ॅडम्स’ हे नाव इंग्लंडच्या नोंदींत ढिगाने मिळेल. पण ईडिथ नावाची बायको, आठ मुलगे आणि अर्सुला नावाची मुलगी, सगळे त्याच क्रमाने असलेला हेन्री एकच मिळतो. सॉमरसेटमध्ये चार्ल्टन मॅकरेल इथे १९ ऑक्टोबर १६०९ रोजी हेन्री अ‍ॅडम्स आणि ईडिथ स्क्वायर यांच्या लग्नाची नोंद आहे. पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा, पण सुरुवातीच्या पुष्कळ वह्या गहाळ आहेत. तिथे बिशपकडे दर वर्षी पाठवलेल्या नकला पाहाव्या.

राजघराण्याला किंवा सरदाराला जाऊन भिडणारी छापील वंशावळ दिसली तर विशेष सावध राहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हेन्रीला तेराव्या शतकातल्या ‘अ‍ॅप अ‍ॅडम’ नावाच्या उमरावापर्यंत नेणारी वंशावळ छापली गेली. ती खोटी ठरली, तरी आजही तिच्या नकला फिरतात. पुढे गुस्ताव आंजू नावाच्या गृहस्थाने श्रीमंत अमेरिकन घराण्यांना बनावट वंशावळी विकण्याचा धंदाच मांडला होता. त्याची पद्धत ओळखून ठेवा: आधी खऱ्या माणसांचे खरे कागद, मग एका ठिकाणी कुठेच न सापडणारे मृत्युपत्र, आणि त्यापुढे पुन्हा खरी माणसे. तुटलेली कडी नेहमी देशांतर करणाऱ्याच्या आसपास असते, म्हणून सर्वांत आधी तीच तपासावी.

खाली उतरताना

वंशजांकडे येताना १७९० पासूनची दर दहा वर्षांची जनगणना मदतीला येते. १८४० पर्यंतच्या यादीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव, बाकीच्यांचे वयोगटांत नुसते आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचे नाव. नाते मात्र १८८० पासून लिहिले जाऊ लागले, त्यामुळे १८५० च्या घरातली मुले प्रमुखाचीच असतील असे धरू नये. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळी नष्ट झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याच्या स्वतःच्या १८५५ आणि १८६५ च्या जनगणना आहेत, त्या मधली पोकळी थोडी भरतात. ७२ वर्षांच्या नियमाने १९५० ची शेवटची खुली यादी आहे. त्यापुढच्या, हयात असू शकणाऱ्या माणसांची माहिती कोणालाही दिसेल अशा ठिकाणी टाकू नये.

डीएनए चाचणीकडून भलती अपेक्षा ठेवू नका. सर्वसाधारण चाचणीत चौथ्या पिढीतल्या चुलत भावंडांपैकी (इंग्रजीत ‘फोर्थ कझिन’) सुमारे निम्म्यांशीच काही जुळते. हेन्री तर आजच्या वंशजांपासून दहाबारा पिढ्या दूर आहे. शिवाय जुन्या न्यू इंग्लंडची कुटुंबे आपसांत इतकी गुंतलेली आहेत की एखादा तुकडा जुळला तरी तो अ‍ॅडम्सकडून आला की बासकडून, हे सांगणे कठीण. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय-गुणसूत्राची चाचणी ब्रेनट्री आणि न्यूबरीच्या अ‍ॅडम्सांसारखी दोन घराणी वेगळी करायला कामाची आहे. पण त्यासाठी दोन्हीकडचा अखंड पुरुषवंश असलेला, चाचणीला तयार असा एकेक तरी माणूस लागतो, आणि त्या दोघांच्या वंशाची प्रत्येक कडी आधी कागदांनी सिद्ध झालेली असावी लागते.